ताईच्या काड्या

बसा ना, उभ्या का? कोट मघाशी मापाला घातलात तेव्हा छान बसला होता. आता डाव्या बाहीचं अस्तर तेवढं टाचते. ती काचेची पेटी बघताय का? येणारा प्रत्येक जण विचारतो. रिकामी आहे. माझ्या थोरल्या बहिणीची ती.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत झटका आला. डावं अंग लुळं पडलं. लग्न तिचंही नाही, माझंही नाही. मग करणार कोण? मीच. आणि वर तिचे ते काडीकिडे! वीतभर लांब, अगदी वाळक्या काड्या. दिवसभर निपचित लटकायचे आणि फुंकर मारली की वाऱ्यावर डोलल्यासारखे डोलायचे. त्यांना गुलाबाचा ताजा पाला कोणी आणायचा? तोही मीच.

"यात नर एकही नाही," ताई कौतुकाने सांगायची. बोलणं तुटक झालं होतं तिचं. "लागतच नाही. एकटीच अंडी घालते... आणि लेक हुबेहूब आईसारखी."

"बरंय की," मी म्हणायचे, "आपल्या दोघींपेक्षा शहाण्या."

ती हसायची. मला काही हसू यायचं नाही.

अंडं म्हणजे एक तपकिरी बी. मोहरीपेक्षा थोडं मोठं. मादी लटकल्या जागेवरूनच खाली सोडून देते, आणि पेटीत तळाला कागद अंथरलेला. टप... टप. माझं शिलाईचं मशीन थांबलं की घरात तेवढाच आवाज. सगळी ठेवली तर घरभर किडे होतील, म्हणून दर आठवड्याला वेचून बर्फाच्या कप्प्यात टाकायची. दोन दिवसांत मरतात. ही पद्धत ताईनेच शिकवलेली. पुढच्या पिढीला म्हणून दहा-बारा तेवढी राखायची.

शेवटच्या वर्षी पेटीत एकच म्हातारी मादी उरली. ताईने उजव्या हाताने माझी बाही धरली.

"हिची अंडी... एक तरी ठेव गं. माझ्यामागे काहीतरी जिवंत राहू दे."

"ठेवते हो," म्हणाले. आणि एकूण एक बर्फात टाकली. दोन दिवसांनी काढली, काड्यापेटीत ओल्या कापसावर मांडली आणि तिच्या उशाशी ठेवली. सात वर्षं तिचं अंथरूण बदललं मी, पण एकदा म्हणाली नाही, दमलीस का गं. सगळी माया त्या काड्यांवर! जळफळाट व्हायचा माझा, खोटं कशाला बोलू?

चार महिने ती त्या काड्यापेटीकडे डोळे लावून होती. रोज सकाळी विचारायची, "हललं का काही?" मी वाकून, निरखून सांगायचे, "आज-उद्या होईल बघ." मजा यायची मला. हो, मजाच.

शेवटच्या दुपारी तिला घरघर लागली. तेव्हा कानाशी जाऊन सांगितलं, "ताई, सगळी मेलेली आहेत. मीच बर्फात टाकली होती." तशीच गेली असती तर माझं केलेलं वाया गेलं असतं ना!

तिने डोळे उघडले. रागावली नाही. सात वर्षं न हललेला तो डावा हात तिने उचलला... आणि माझ्या डाव्या मनगटावर ठेवला. थंडगार.

"मग... तूच ठेव," म्हणाली. आणि गेली.

काड्यापेटी मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली. ती म्हातारी मादीही मेली.

पुढे महिन्याभराने, भर दुपारी, मशीन थांबवलं आणि ऐकू आलं. टप... टप. पेटीत बघितलं. नुसता कोरडा कागद. परत टप... आवाज माझ्या खुर्चीखालून येत होता. वाकले तर फरशीवर पाच-सहा तपकिरी बिया. माझ्या देखत आणखी एक पडली... माझ्या डाव्या बाहीतून. बाही उलटी केली, सगळे कपडे झटकले, अंग चाचपलं. किडा कुठेच नाही.

वेचून बर्फात टाकली, तर तासाभरात या हाताची बोटं निळी पडली. किंचाळत अंडी बाहेर काढली, तेव्हा कुठे बोटांत ऊब आली. जाळायला गेले, तर हा डाग बघा मनगटावर. आणि तशीच घरात ठेवली की हात ताठ होतो, कोपरापासून डोलायला लागतो... सावकाश. शिवणार कशी मी? या दोन हातांशिवाय मला आहे कोण?

मग समोरच्या इमारतीतली नर्स कोट शिवून घ्यायला आली. अस्तरात चुकून एक अंडं शिवलं गेलं होतं. तिने मापाला नुसता घातला, पाच मिनिटं. ती जिना उतरली आणि माझा हात सुटला! महिनाभर अगदी पूर्वीसारखा चालला, मग पुन्हा तेच. ती काही कोट न्यायला आली नाही. तो बघा, खुंटीवर आहे अजून. खिडकीतून दिसते ती कधी कधी. गॅलरीत उभी असते. वारा नसला तरी तिचा डावा हात हलत असतो.

अहो, उठलात कुठे? कोट नको? बरं, राहू दे. सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, स्वभावच मेला तसा. पण मघाशी मापाला घातलात ना...

श्श. मशीन मी कधीच थांबवलंय. ऐकलंत?

जरा तुमच्या खुर्चीखाली बघा.