आतड्याची कल्हई

माझ्या लेकीने, मुग्धाने, मला एका यंत्रादेखत खोलीबाहेर काढलं. सत्तर वर्षांची आई, तिला दवाखान्याच्या काचेपलीकडच्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. का, तर म्हणे मी लपवाछपवी केली. पोरांनो, केली होती. पण का केली ते आधी ऐका.

माझी नात चार्वी, नऊ वर्षांची. तिच्या रक्ताला कर्करोग झाला होता. डॉक्टरांनी औषधं देऊन तिचं बिघडलेलं रक्त मोडून काढलं आणि मुग्धाच्या रक्तातल्या मूळपेशी (ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी घडतात त्या) तिच्या अंगात सोडल्या. त्या रुजल्या. पेढे आणायचे तेवढे राहिले होते, तोच पोरीचं पोट बिघडलं.

मुग्धा कामावर जायची तेव्हा चार्वीजवळ मी असायची. खोलीत एक यंत्रमानव होता, तपासण्या आणि औषधपाणी तोच बघायचा. पोटातून जे जे बाहेर पडेल ते मोजायचं हेही त्याचंच काम, म्हणून चार्वीने त्याचं नाव टमरेल ठेवलं होतं. त्याची काही तक्रार नव्हती.

पोरीला जुलाबात हिरवं पाणी होऊ लागलं आणि मला बरंच वाटलं. आम्ही तांबट. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण भांडं मला कळतं. पितळी पातेल्याची कल्हई (आतून चढवलेला कथलाचा मुलामा) झिजली की आतलं ताक कळकतं, हिरवं होतं. मग आधी तो हिरवा थर खरवडायचा, भांडं तापवायचं, मळ काढायला नवसागराची पूड मारायची, तेव्हा कुठे नवा मुलामा बसतो. मला वाटलं, पोरीच्या आतलं जुनं निघतंय, आता नवं बसेल. टमरेलला सांगितलं तर तो औषध देऊन मध्येच थांबवेल. म्हणून दोन दिवस मी त्याला मोजायला न देता सगळं गुपचूप संडासात ओतलं. पोट धरून पोरगी रडली, तेव्हा तिला म्हटलं, सोस जरा, आतून चकाकी येतेय.

तिसऱ्या दिवशी पाण्यात रक्त होतं. ते मुग्धाने पाहिलं. ओतल्याचं आणि कल्हईचं मी टमरेलसमोरच कबूल केलं, आणि बाकावर आले.

टमरेलने चार्वीला दाण्याएवढा कॅमेरा गिळायला लावला. आतडं पडद्यावर दिसलं. आतून मखमलीसारखं असतं म्हणे, हे जागोजागी सोललेलं होतं. टमरेल म्हणाला, हे काम आईकडून आलेल्या पेशींचं. भिंतीतल्या जाळीतून मला चार्वीचा आवाज ऐकू आला.

“आईच्याच पेशी मला का मारतायत? आई रागावलीय माझ्यावर?”

मुग्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

टमरेलने सावकाश सांगितलं. प्रत्येक पेशीच्या अंगावर ओळखीच्या खुणा असतात. आईच्या आणि मुलीच्या त्या निम्म्याच जुळतात. आईच्या रक्तातल्या लढाऊ पेशी (घुसलेल्या परक्याला शोधून मारणाऱ्या) नव्या घरात आल्या, खुणा अनोळखी दिसल्या, आणि त्यांनी घरमालकालाच चोर समजून झोडपलं. त्यांना राग कळत नाही, माया कळत नाही, खुणा तेवढ्या कळतात. बरं, त्यांना सरसकट हाकलताही येत नाही, कारण दडून बसलेला कर्करोगही त्याच शोधतात.

मग तो काचेकडे वळला. मेलं यंत्र, पण नजर चुकवत नव्हतं. म्हणाला, आजी, भांड्याला मुलामा आपण चढवतो. आतड्याचं अस्तर आपलं आपण उगवतं. त्यात बारीक खळगे असतात आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी आतड्याच्या स्वतःच्या मूळपेशी. त्या चार-पाच दिवसांत अस्तर नवं करतात. हल्ला त्या तळावरच चालला होता. तुम्हाला खरवडणं वाटलं, पण पत्राच फाटत होता. दोन दिवस आधी कळतं, तर निम्मी जखम टळली असती.

ती निम्मी जखम मी अजून पदरात बांधून हिंडते.

औषधांनी लढाई मंदावली, पण थांबेना. तेव्हा टमरेलने मुग्धाचंच रक्त पुन्हा मागितलं. मी काचेवर हात आपटला. ज्या रक्ताने पोरगी सोलली, तेच परत? तो म्हणाला, त्याच रक्तात आवर घालणाऱ्या पेशीही असतात, लढाऊंना थोपवणाऱ्या. फार थोड्या. त्या निवडून, काचपात्रात वाढवून तो चार्वीला देणार होता. मुग्धा चार तास सुई टोचून पडून राहिली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही तिने.

त्या पेशी दिल्यावर अठरा दिवसांनी पडद्यावर गुलाबी कड दिसली. काही खळगे कायमचे गेले होते, पण वाचलेले शेजारची उघडी जागा भरून काढत होते. चार्वीने दोन चमचे पेज घेतली आणि ती पोटात राहिली. टमरेल म्हणाला, आवर घालणाऱ्या पेशी पहिल्याच दिवशी सोबत पाठवायची खटपट चालू आहे, म्हणजे पुढच्या पोरांना एवढं सोसावं लागणार नाही.

मुग्धाने दार उघडलं. ये म्हणाली नाही, नुसता मास्क पुढे केला. तो बांधता बांधता मी दारातच तिला सांगितलं, “मला बाहेर काढलंस ते बरोबर केलंस. यंत्रादेखत काढलंस ते मी विसरणार नाही. तुझ्या रक्तातल्या भांडणाऱ्या माझ्याकडून आल्यात, मी ओळखते त्यांना. आवर घालणाऱ्या तू स्वतः कमावल्यास. माझ्याकडे असत्या, तर पोरीला दोन दिवस रडवलं नसतं मी.”