काळ्याची पट्टी कोण सोडतं?

“आपा, काळ्याची पट्टी पुन्हा गायब आहे.”

अन्सारचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याची बहीण अमिना जिना उतरून खाली पोचलीही होती. उन्हाळ्याची सुट्टी, शनिवारची सकाळ. बजाजनगरातल्या त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली काळ्या, त्यांनी सांभाळलेला कुत्रा, निपचित पडला होता. मागच्या पायावरची जखम उघडी, आणि तिच्यावर माश्यांची जत्रा भरलेली.

शेजारचा बद्री पुठ्ठ्यानं वारा घालत होता. वारा घालता घालता त्यानं स्वतःच जुळवलेलं गाणंही चालू होतं.

“माशे माशे, दूर जा गं,
गुऱ्हाळावरचा गूळ खा गं,
काळ्याच्या पायाची वाट सोड,
दारी पिकला आंबा गोड…”

“गाणं पुरे. हे बघ,” अमिना म्हणाली.

जखमेच्या कडेला तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पांढरं चिकटलं होतं. माश्यांची अंडी. मोटारसायकलखाली पाय सापडला तेव्हा काळ्याच्या जखमेत किडे पडले होते. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते काढले आणि बजावून सांगितलं होतं, “रोज मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, कोरडी करा, भोवतीनं निंबाचं तेल लावा, वर स्वच्छ पट्टी. माशी बसू देऊ नका. पुन्हा किडे खोल गेले, तर हा पाय काढावा लागेल.”

तिघांनी ते मनावर घेतलं होतं. जखमेला गुलाबी कातडी धरू लागली होती. आणि मागच्या शनिवारपासून हा प्रकार.

अमिनानं कापसानं अंडी टिपून काढली. एकही राहू नये म्हणून तिनं डोळे अगदी जखमेजवळ नेले. मग तिनं भिंतीच्या कठड्याकडे पाहिलं. पट्टी तिथंच होती. चौपदरी घडी घातलेली.

“काळ्यानं सोडली असती तर दातानं फाडली असती,” ती हळूच म्हणाली. “ही गाठ माणसाच्या बोटांनी सोडलीय.”

“चोर मोठा टापटिपीचा दिसतो,” बद्री म्हणाला. “माझी आई त्याला कपडे वाळत घालायला ठेवून घेईल.”

अन्सारनं काळ्याचं तोंड हुंगलं. “गुळाचा वास येतोय. आणि तेलाचा.”

खरंच की. मिशांना गूळ चिकटलेला, फरशीवर पोळीचे तुकडे आणि मुंग्यांची रांग. आता काळ्या तेच गुळाचं तोंड जखमेला लावून चाटू लागला होता. माश्यांना याहून गोड आमंत्रण कसलं? अमिनानं त्याचं तोंड पुसलं.

पहिला संशय तळमजल्यावरच्या चतुराबाईंवर. कुत्रा जिन्याखाली नको म्हणून त्या रोज भांडत.

“मी?” चतुराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “अगं, त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाय मी, अन् त्याची पट्टी सोडीन व्हय? पण शनवारी पहाटं तिथं डब्याचं झाकण वाजतं. मला वाटलं, तुम्हीच हायसा.”

त्या आठवड्यात अमिनाला ज्याच्या हाती डबा दिसेल तो चोर वाटू लागला. दूधवाला चोर, कंपनीच्या बसला धावणारे चोर. एकदा तर ती स्वतःच्या अब्बांच्या डब्याचाही वास घेऊन आली.

कोडं सुटलं ते बद्रीमुळे. आजोळी सिल्लोडला पाहिलेलं त्याला अचानक आठवलं.

“शनिवार, गूळ आणि तिळाचं तेल. अगं, साडेसाती लागली की काळ्या कुत्र्याला अशी पोळी घालतात. कुणी बघायच्या आत. पण कुत्रा नखशिखांत काळा हवा. पांढरा ठिपकासुद्धा चालत नाही.”

अमिना काळ्याच्या पायाकडे बघत राहिली. काळाकुट्ट कुत्रा, आणि त्यावर पांढरीशुभ्र पट्टी.

“सांगायला गेलो तर तो माणूस कानावर हात ठेवील,” ती म्हणाली. “हातोहात पकडायला हवा. आणि तोवर जखम झाकलेलीच राहायला हवी.”

ती अम्मीच्या शिवणाच्या पेटीतून बुरख्याच्या काळ्या कापडाची उरलेली पट्टी मागायला गेली.

“मेरा कपडा कुत्ते को बांधेंगे तुम लोगां?” अम्मीनं डोळे वटारले. पण सगळं ऐकल्यावर तिनंच कापड उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं आणि कडा दुमडून दिल्या.

शनिवारी पहाटे तिघं पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले. झाडावर एखादंच पाखरू बोलत होतं. उजाडतं न उजाडतं तोच जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी पावलं, चप्पल हातात.

बद्रीनं अमिनाचा हात दाबला. ते काकासाहेब होते, दुसऱ्या मजल्यावरचे. इमारतीच्या बैठकीत स्वच्छतेवर बोलणारे. बद्रीच्या आईनं दाराला लिंबू-मिरची बांधली तेव्हा खो खो हसणारे.

त्यांनी वाकून पाहिलं. पांढरं कुठंच दिसेना.

“आज बांधली नाय वाटतं पोरांनी. बरं झालं,” ते पुटपुटले आणि डबा उघडून त्यांनी पोळी खाली ठेवली.

“बांधलीय, काका,” अमिना पुढे होऊन म्हणाली. “हात लावून बघा.”

डब्याचं झाकण खणकन खाली पडलं.

“मी… मी आपला फिरायला निघालो व्हतो.”

“चप्पल हातात घेऊन?” बद्रीनं विचारलं.

अमिनानं पोळी उचलली. “तुम्ही पांढरी पट्टी काढली त्या दिवशी जखमेवर माश्यांची पांढरी अंडी होती. या गुळानं माश्या अजून येतात. किडे खोल गेले तर डॉक्टर याचा पाय कापणार आहेत, काका.”

काकासाहेब पायरीवर बसले.

“कंपनीत माणसं कमी करायलेत, पोरी. भ्या वाटलं. एकानं हे सांगितलं, ते केलं. लोकांम्होरं हसतो मी असल्याला, म्हणून चोरून यायचो.” त्यांनी अंधुक उजेडात ती पट्टी बोटानं चाचपली. “मी निस्ता रंग बघितला. जखम बघितलीच नाय.”

त्यांनी खाली पडलेलं झाकण उचललं आणि विचारलं, “मंग आता मी काय करू?”

अमिनानं त्यांच्या हाती पुठ्ठा दिला. “दुपारी माश्या लई असतात. रात्रपाळी असली की बसा इथं.”

आणि ते बसले. चार माणसांत, उजळ माथ्यानं. चतुराबाईंनी पदराआड हसत त्यांना बसायला पाट आणून दिला.

जखमेवर कातडी पुरती धरली तेव्हा काकासाहेबांनीच काळ्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, पाय दाबून पाहिला आणि ते मुलांकडे वळले.

“अशी निगा मोठ्या माणसांच्यानंही होत नाही. शाबास.”

“मोठ्या माणसांचं काय विचारता, डॉक्टर,” काकासाहेब म्हणाले. “मीच सोडायचो ती पट्टी. या पोरांनी पकडलं मला, म्हणून याचा पाय वाचला.”

अमिनानं काळ्याला अलगद फरशीवर उभं केलं. तो क्षणभर तीन पायांवरच डोलला. मग त्यानं चौथा पाय खाली केला, बोटं टेकवली, जरा भार टाकला आणि चालत चालत दारापर्यंत गेला.