न परतलेलं पान

मशीनखोलीत जाऊन संगणकाच्या मेमरीत अडकलेलं एक पान मोकळं करायचं, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं. साडेचारला शाळेच्या फाटकाशी लेक वाट पाहणार होती, म्हणून मास्तर तीनलाच उठले. कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण कुणी चुकलं की ते आधी समजावून सांगत आणि मग रागवत.

दाराशी बसणाऱ्या ताईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "मास्तर, तुमचा पाय आत गेला की घड्याळ बाहेरच राहतं. आज पोरीला ताटकळत ठेवू नका."

"हा गेलो नि आलो," म्हणत त्यांनी कार्ड लावलं. दाराच्या पाटीवर 'आत: १' उमटलं. निघताना पुन्हा कार्ड लावलं की शून्य, आणि शून्य झालं की खोली रिकामी समजून दिवे आपोआप विझत. ही मोजणी अण्णांनी बसवलेली. अण्णा मास्तरांचे गुरू. मास्तरांचे केस पिकले तरी त्यांना 'पोरा' म्हणणारे.

यंत्राच्या गाभ्यातला मेमरीचा कारभारही अण्णांचाच. पूर्वी संगणकांच्या जाळ्यावरून आलेला मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवून घ्यावा लागे. अण्णांनी ती नक्कल बंद केली. मजकूर असलेला मेमरीचा तुकडा, म्हणजे पानच, हातोहात पुढे द्यायचं. जितक्या प्रोग्रॅमनी ते धरलंय, तेवढी त्याची मोजणी. सगळ्यांनी सोडलं की शून्य, मग ते पान दुसऱ्याला. कुणी धरलेलं पान परस्पर मोकळं करायचं नाही, हा अण्णांचा दंडक.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी अण्णा याच खोलीतून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. परवा बाजारात समोरासमोर आले, पण मास्तरांना ओळखलं नाही. वय झालं, म्हणून मास्तरांनी मनाची समजूत घातली.

खोलीत पंख्यांची घरघर होती, तापलेल्या धुळीचा वास होता. पडद्यावर ते पान सापडलं. मोजणी एक, धरणारा मात्र कुणीच नाही. तीन वर्षं तसंच. मास्तरांनी पान उघडलं. वरपासून खालपर्यंत एकच मजकूर होता.

'मी अजून आत आहे.. मोजणी पुसू नका..'

वाक्याच्या शेवटी दोन टिंबं द्यायची खोड अण्णांची. मास्तर स्वतःशी हसले. जुनी चाचणी राहून गेली असणार. खरं तर धरणारा शोधायला हवा होता; दुसऱ्या कुणी शोधला नसता तर त्यांनी त्याला तासभर ऐकवलं असतं. पण चार वाजत आले होते. त्यांनी हातानेच आकडा शून्य केला.

दिवे विझले.

दाराशी आतली पाटी लाल दिसत होती. 'आत: ०'. मास्तरांनी कार्ड लावलं. खाली अक्षरं आली: 'आपण बाहेर गेला आहात.'

त्यांनी पुन्हा लावलं. मग पुसून लावलं. मग दारावर मुठी आपटल्या. दाराच्या काचेच्या फटीतून ताई दिसत होत्या. त्या बाहेरच्या वाटेकडे पाहत, कुणालातरी हसून हात हलवत होत्या. हात खाली करून त्या वर्तमानपत्र वाचू लागल्या. काच त्यांच्यापासून दोन हातांवर होती. मास्तर घसा बसेपर्यंत ओरडले. ताईंनी पान उलटलं.

भिंतीवर फोन होता. साडेचार होऊन गेले होते. लेकीचा नंबर फिरवताना त्यांची बोटं दोनदा चुकली.

"बाळा, मी बोलतोय... जरा उशीर होईल. तू फाटकापासून हलू नकोस. कुणाबरोबर जाऊ नकोस..."

पलीकडे पावलं वाजत होती. दोन माणसांची.

"कोण बोलतंय?" लेकीने विचारलं. मग फोन जरा दूर धरून हळूच म्हणाली, "बाबा, बघा ना... कुणीतरी अगदी तुमच्याच आवाजात बोलतंय."

"ठेवून दे," कुणीतरी मायेने म्हणालं.

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर नुसती खरखर.

अंधारात पडदा तेवढा उजळ होता. मास्तर चाचपडत त्याच्यापाशी आले. मोकळं केलेलं पान तिथेच होतं. मोजणी शून्य नव्हती. दोन होती. जुना मजकूर गेला होता आणि कळफलकाला कुणाचाही हात नसताना एकेक अक्षर उमटत होतं.

'पोरा, थोडा सरक.. इथे जागा फार नाही..'