गोणपाटातली परीक्षा

“ताई, माझं बियाणं कोनीतरी मारलं!”

पोरगी दारातूनच ओरडली आणि हातातली ओल्या गोणपाटाची गुंडाळी तिने धपकन टेबलावर आदळली. पाणी फायलींवर पसरलं. मोतीराममामांनी आधी आपला चहा उचलला, मग फायली.

मेहकरात खासगी तपासनीस असते हेच लोकांना खरं वाटत नाही. पण दीपमाला आहे. बसस्टँडसमोरच्या सायकलच्या दुकानावर तिची खोली आहे. ‘पोरगा पुण्यात खरंच इंजिनियर आहे का’ असल्या चौकशांवर तिचं पोट भरतं, आणि तेच तिला मनापासून कंटाळवाणं वाटतं. मोतीराम तिचे सख्खे मामा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, आता भाचीची जीप चालवतात आणि प्रत्येक प्रकरणात गुन्हेगार सगळ्यांत आधी ओळखतात. त्यांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर निघालेला नाही.

“बस आधी,” दीपमाला म्हणाली. “कोन तू?”

“निशिगंधा. डोणगावच्या उकंडरावांची. कृषी पदवीले कॉलेजात पहिली आली यंदा.”

डोणगावला हिंमतरावांची बियाण्याची कंपनी आहे. त्यांना बियाणं तपासणारा एक अधिकारी हवा होता. निवडीत शेवटी दोघंच उरले. एक ही निशिगंधा, मार्कांचा ढीग आणि नोकरीचा अनुभव शून्य. दुसरा दुसरबीडचा राजकुमार. तो काठावर पास झालेला, पण कॉलेज करता करता बियाण्याच्या दुकानात राबलेला. मार्क मोठे का अनुभव मोठा, हिंमतरावांना काही ठरवता येईना. गावातही दोन तट पडले. चहाच्या टपरीवर तर एकमेकांच्या कॉलरी धरायची वेळ आली.

“मंग त्याईले एक दिवस लहर आली,” निशिगंधा सांगत होती. “आमच्या दोघांसमोर गोदामातली पोती उघडली. त्यातलं सोयाबीन आम्हाले दिलं, दोघांले एकच. ओल्या गोणपाटात दाने मांडा, गुंडाळा, शेडात ठेवा, म्हने. पाहू कोनाले उगवनशक्ती तपासता येते ते. आज सकाळी उघडलं.”

“अन्?”

“राजकुमारचं झाडून सारं उगवलं. माझं निम्म्याच्या वर सडलं.” तिचा आवाज चिरकला. “हिंमतराव चारचौघांत म्हनले, मार्कांवर बियानं उगवत नाई. लोकं खो खो हसले, ताई. माझे बाबा तिथंच होते. आज संध्याकाळी राजकुमारले ऑर्डर देऊन राह्यले. नोकरी जाईल ते जाईल, पन जिले गोणपाट भिजवता येत नाई तिले पुन्हा या भागात कोन उभं करते?”

दीपमालाने गुंडाळी उलगडली. पिवळसर पांढरे कोंब होते, चांगले तरारलेले. आणि त्यांच्या मध्येमध्ये बुळबुळीत, काळवंडलेले दाणे.

“मामा, हा कोंब कसा हाय?”

“लठ्ठ हाय चांगला.”

“अन् त्याच्या शेजारचा दाना?”

“सडला बिचारा. ज्याचं त्याचं नशीब.”

दीपमालाचे डोळे चमकले. “पोरी, दाने कसे घेतले होते तू?”

“पुस्तकात हाय तसे. मूठ भरायची, जसे आले तसे मांडायचे. निवडायचे नाईत.”

“चला मामा, जीप काढा!” दीपमाला उठलीसुद्धा. “संध्याकाळच्या आत डोणगावचं काम उरकायचं हाय.”

“मले समजलं,” मामा जिन्यावरून उतरता उतरता म्हणाले. “त्या राजकुमारनं गरम पानी टाकलं. दुसरं कोन टाकीन?”

मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. कंपनीच्या आवारात मात्र लगीनघाई होती. शेडात मोठा पत्र्याचा ड्रम घरघरत होता. त्यात सोयाबीन ओततात, लाल औषध टाकून फिरवतात आणि लालभडक झालेलं बियाणं पिशव्यांत भरतात. ड्रमजवळ उभा राहून गोदामाचा व्यवस्थापक गजेंद्र माणसांवर खेकसत होता.

“हात चालवा बे! आजच सारं लाल झालं पायजे. उद्या सकाळी गाड्या निघतीन.”

दीपमालाने स्वतःची ओळख सांगितली. गजेंद्र हसला.

“गोणपाटासाठी तपास? कमाल करता, ताई. पोरीनं पानी जास्त मारलं, दाने बुडून मेले. बस्स. म्या तं तिचं गोणपाट पाह्यल्याबरोबर साहेबाईले सांगतलं. पुस्तकं वाचून हात थोडीच बसते? अनुभव पायजे!”

“बराबर हाय,” दीपमाला गोडीत म्हणाली. “गोदाम पाहू का जरा?”

गोदामात नव्या सोयाबीनची थप्पी होती. मागचा कोपरा रिकामा होता. तिथली फरशी बाकीपेक्षा स्वच्छ होती आणि पोत्यांच्या चौकोनी खुणा तिच्यावर अजून उमटलेल्या होत्या.

“इथं काय होतं?”

“गेल्या सालचं उरलेलं. सोयाबीन एक उन्हाळा काढून जुनं झालं की मरते, उगवत नाई. साहेब म्हनले फेकून दे. मांगच्या खड्ड्यात टाकलं.”

“सारं?”

“एकूनएक पोतं. काऊन?”

“सहज,” दीपमाला म्हणाली.

गोणपाटं ठेवली होती त्या बाजूच्या लहान शेडाची किल्ली तानुबाईंच्या कमरेला होती. आवार झाडायचं आणि गोणपाटांवर पाणी शिंपडायचं काम त्यांचंच. बाई बोलायला खमकी.

“एकच बादली, एकच लोटा, दोघाईले सारखं पानी. त्या पोरीचं जास्त अन् पोराचं कमी असं मी कायले करू? माझ्याशिवाय आत कोनी गेलं नाई. कुलूप मोडलं असन तं दाखवा मले!”

कुलूप मोडलेलं नव्हतं. एवढ्यात मागून मामांचा बोंबलण्याचा आवाज आला. तानुबाईंच्या शेळीने त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि ते घेऊन ती थेट मागच्या खड्ड्यात उतरली. मामा तिच्यामागे उतरले. बऱ्याच झटापटीनंतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखून, फाटकं उपरणं छातीशी धरून वर आले.

“भैताड शेळी! पाला, नुसता लिंबाचा वाळका पाला! पाय पार तळाले टेकला तरी पालाच!”

तानुबाईंना हसू आवरेना. दीपमाला मात्र हसली नाही. तिने मामांच्या धोतराला चिकटलेला पाला नीट निरखला आणि म्हणाली, “मामा, तुमचं उपरणं फाटलं त्याचं मले दुःख नाई.”

“तुले कायचं दुःख असते म्हना!” मामा फणकारले.

राजकुमार बाहेर ओट्यावर बसला होता. मित्र पाठ थोपटत होते, पण पोराचा चेहरा काही खुलला नव्हता.

“मी काईच केलं नाई, ताई,” तो आपण होऊन म्हणाला. “निशिगंधा हुशार हाय. तिचं असं कसं झालं, मले समजून नाई राह्यलं. मले नोकरी पायजे, खोटं काऊन बोलू? पन अशी नाई.”

“तू कसं मांडलं होतं?”

“आमच्या घरी मांडतात तसंच. पेरनीच्या आधी आई करते ना, तसं. तानुबाईचं सूप घेतलं, उजेडात बसलो, पाखडलं, निवडलं अन् मांडलं.”

“निवडून काढलेलं कुठं गेलं?”

“कोंबड्याईले टाकलं. पोट भरलं त्याईचं.”

बाजूला आल्यावर मामा कानाशी लागले. “पाह्यलं? किती साळसूद! मी सांगतो, गरम पानी यानंच...”

“मामा,” दीपमाला एकदम धावत सुटली, “ड्रम! आधी तो ड्रम बंद करा!”

ती शेडात शिरली आणि मशीनचं बटन तिने स्वतःच बंद केलं. घरघर थांबली. गजेंद्र अंगावर धावून आला. आवाज ऐकून हिंमतराव ऑफिसातून बाहेर पडले. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर आठ्या.

“कोन हो तुम्ही? माझं मशीन कोनाले विचारून बंद केलं?”

“साहेब, पाच मिनिटं द्या. पटलं नाई तं मशीन तुमचं हाय अन् चूक माझी. पन हे सोयाबीन लाल झालं तं मंग कोनाच्याच बापाले काई दिसनार नाई.”

माणसं गोळा झाली. दीपमालाने निशिगंधाचं गोणपाट फरशीवर पसरलं.

“गजेंद्रभाऊ म्हनतात, पानी जास्त झालं. माझे मामा म्हनतात, गरम पानी टाकलं. बरं, पाहा. पानी जास्त असतं तं सारेच दाने सडले असते. गरम पानी टाकलं असतं तं सारेच मेले असते. इथं एक कोंब तरारला हाय अन् त्याले खेटून असलेला दाना कुजला हाय. पानी तेच, गोणपाट तेच. पानी काई दाना पाहून मारत नाई.”

“मंग कोनं मारलं?” हिंमतराव म्हणाले.

“कोनंच नाई. त्या लहान शेडात तानुबाईशिवाय कोनी गेलं नाई, पानी दोघाईले सारखं. या गोणपाटाले कोनाचाच हात लागला नाई. आपन सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारून राह्यलो, साहेब. पोरीचं काऊन नाई उगवलं, हा प्रश्नच नाई. पोराचं सारंच्या सारं काऊन उगवलं, हे विचारा!”

राजकुमारने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं.

“मी सांगतो ना, मी काईच...”

“तू काय केलं ते तुलेच माहीत नाई. तानुबाई, सूप आना तुमचं. साहेब, लाल न झालेलं कोनतंही पोतं तुमच्या हातानं उघडा.”

हिंमतरावांनी एक पोतं उघडलं. दीपमालाने ओंजळभर सोयाबीन सुपात टाकलं आणि सूप राजकुमारच्या हातात दिलं. “निवड. त्या दिवशी निवडलं तसं.”

राजकुमार उजेडाकडे तोंड करून बसला. बोटं भराभर चालू लागली. पिवळेधमक, तुकतुकीत दाणे एका बाजूला. फिक्कट, तपकिरी झाक आलेले, तेज गेलेले दाणे दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीग वाढायला लागला, तशी त्याची बोटं मंदावली. एक दाणा त्याने नखाने सोलला आणि त्याचा चेहरा पार उतरला.

“साहेब... हे तं गेल्या सालचं हाय! नव्यात जुनं मिसळलं हाय कोनीतरी. अन् मी त्या दिवशी... अरे देवा! हातानं निवडून कोंबड्याईले टाकलं अन् मनातही नाई आलं!”

“कसं येईन?” दीपमाला म्हणाली. “घरी पेरायच्या आधी सारंच बियानं निवडतात, म्हनून निवडलेलंच तपासतात. तिथं ते बराबर हाय. पन इथली पोती कोनी निवडत नाई. जसं हाय तसं पिशवीत जाते अन् तसंच शेतात पडते. त्याच्या गोणपाटानं त्याच्या नजरेची परीक्षा झाली. पोत्याची परीक्षा फक्त या पोरीनं केली, अन् तिचं उत्तर खरं होतं. हे बियानं निम्मं मेलेलं हाय.”

निशिगंधाने तोंडावर हात घेतला.

“अहो, पन पोत्यांची तपासनी झाली होती!” हिंमतराव ओरडले. “सारं पास होतं!”

“तेव्हा नवंच होतं. मिसळलं नंतर. गोदामाचा मांगचा कोपरा रिकामा झाला, तिथलं जुनं सोयाबीन एकूनएक खड्ड्यात टाकलं, असं गजेंद्रभाऊ म्हनतात. मामा, खड्ड्यात काय हाय?”

मामांची छाती एकदम फुगली. “पाला! मी स्वतः तळाले जाऊन आलो. सोयाबीनचा एक दाना नाई!”

सगळ्यांच्या माना गजेंद्रकडे वळल्या.

“शेळ्याईनं खाल्लं असन,” गजेंद्र पुटपुटला.

“पोतीच्या पोती?” तानुबाई कडाडल्या. “माझी शेळी हाय का हत्ती? अन् बाराही महिने त्या खड्ड्यात मी झाडून टाकलेल्या पाल्याशिवाय काई पडत नाई!”

“जेवढं जुनं आत गेलं, तेवढं नवं बाहेर गेलं असन,” दीपमाला शांतपणे म्हणाली. “म्हनूनच आज लाल करायची एवढी घाई. औषध लागलं की जुनं काय अन् नवं काय, सारं सारखंच दिसते. साहेबाईची लहर तुम्ही हिशेबात धरली नव्हती, गजेंद्रभाऊ. त्याईनं पोती अचानक उघडली, तुम्हाले काई करताच आलं नाई. मंग पोरीचं गोणपाट खरं बोलाले लागलं, तसं तुम्ही सगळ्यात आधी तिलेच खोटं पाडलं.”

गजेंद्रने दाराकडे पाहिलं. दारात मामा उभे होते, तिकीट न काढलेल्या प्रवाशाला अडवावं तसे. जालन्याकडच्या एका व्यापाऱ्याला नवं सोयाबीन विकल्याचं गजेंद्रने तिथंच कबूल केलं.

हिंमतरावांनी वाकून दुसऱ्या ढिगातले दाणे मुठीत घेतले.

“पिशवीवर माझं नाव असते,” ते म्हणाले. “लोकाईनं डोळे झाकून पेरलं असतं. अन् मी या पोरीले चारचौघांत हसलो. कोनीतरी उकंडरावले बोलवा. ज्या लोकांसमोर बोललो, त्याईच्यासमोरच माफी मागतो. पोरी, नोकरी तुझी. करशीन?”

“करीन,” निशिगंधा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत. “पन एक पोतं बी उद्या बाहेर जानार नाई.”

“नाई जानार.”

“अन् लाल झालेलं विकायचं नाई. ते आता निवडता येत नाई.”

हिंमतरावांनी ड्रमकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. “नाई विकनार.”

मामा दीपमालाच्या कानाशी आले. “माझा पहिल्यापासूनच गजेंद्रवर संशय होता.” दीपमालाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मामा उपरणं झटकायला लागले.

राजकुमार अजून सूप घेऊन फरशीवरच बसला होता.

“माझं काय ते तं सांगा कोनी,” तो म्हणाला. “मी पास का नापास?”

हिंमतरावांनी निशिगंधाकडे बोट दाखवलं. “आता तिलेच विचार. तपासनी तिच्याकडं हाय.”

निशिगंधा त्याच्यासमोर उकिडवी बसली. दोन्ही ढिगांतले दाणे तिने बोटांनी चाळून पाहिले. पिवळ्यात एकही तपकिरी सापडला नाही. तिने पुन्हा शोधला, तरीही नाही.

“नापास,” ती म्हणाली. “उद्या सकाळी गोणपाट घेऊन ये. मूठ भरायची, निवडायचं नाई, मी समोर उभी राहीन.”

पोराचं तोंड एवढंसं झालं. तो सूप खाली ठेवायला लागला.

“ते कायले ठेवतो?” निशिगंधाने थप्पीकडे हात केला. “तेवढी सारी पोती निवडायची हायेत, पेरनीच्या आधी. माझ्यानं होत नाई तसं. शिकव मले.”