नळीचं दुसरं टोक

पाण्याइतकं खरं बोलणारं जगात दुसरं काही नाही, असं ओळंब्याचं म्हणणं होतं. आणि माणसांशी त्याचं फारसं बोलणंच नसल्यामुळे ते खोडून काढायला कधी कोणी आलं नाही.

ओळंबा हे त्याचं ऑफिसातलं नाव, अर्थात पाठीमागचं. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तसा तो होता: उंच, किडकिडीत, काटकोनात सरळ आणि आपला एकटाच लोंबणारा. त्याचं काम पुराचा अंदाज बांधण्याचं. नदीकाठी भिंत घालायची, पंपघर बसवायचं, तर पाणी जास्तीत जास्त कुठवर चढेल हे आधी कोणीतरी सांगावं लागतं. ओळंबा मागच्या पुरांचे ठिपके आलेखावर मांडायचा, त्यांतून एक रेघ ओढायचा आणि ती रेघ अजून न आलेल्या पुरापर्यंत लांबवायचा.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर," तो सांगे.

"मग माझ्या निवृत्तीनंतर ये म्हणावं त्याला," साहेब दर वेळी म्हणत.

"त्याला वर्ष कळत नाही, साहेब," ओळंबाही दर वेळी म्हणे.

या खेपेला नदीकाठची जुनी गल्ली मोजायची होती. जुन्या मोठ्या पुराच्या खुणा तिथल्या भिंतींवर अजून होत्या: गाळाची तपकिरी रेघ, कुठं दाराच्या कडीशी, कुठं खिडकीखाली. खात्याकडं दुर्बिणीची यंत्रं होती, पण घरांच्या आतल्या वाकड्यातिकड्या खोल्यांत ती काय कामाची? तिथं गवंड्यांची नळी बरी. पारदर्शक लांब नळी पाण्यानं भरायची, एक टोक रस्त्यावर उंची माहीत असलेल्या खुणेशी धरायचं, दुसरं घरात भिंतीशी. मध्ये कितीही वळणं असोत, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं. मग घरातली रेघ त्या पातळीच्या किती वर आहे ते मोजून घ्यायचं. अडचण एवढीच, की टोकं दोन म्हणून माणसं दोन लागतात.

सगळ्या घरांतल्या रेघा एका पातळीत आल्या. ओळंबा खूश झाला, म्हणजे त्यानं मान हलवली. सोबतचा मोजणीदार कंबर धरून घरी गेला आणि शेवटचं घर राहिलं. ते अक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं.

"या नळीवाले," अक्का दारातच म्हणाली. "बहिणीकडं यायला सरकारी काम लागतं का रे तुला? चहा टाकू?"

"आधी काम."

"लग्नाचं काढलं तेव्हाही हेच म्हणालास. राहिलं ते राहिलंच."

भाऊजी गेल्यापासून ती तिथं एकटीच होती. घर मोठ्या पुरानंतरचं. जोतं किती उचलायचं ते ओळंब्यानंच भाऊजींना सांगितलं होतं, त्यामुळं तिथं खूण सापडणं शक्य नव्हतं. तो नुसतं 'खूण नाही' असं लिहायला आला होता.

आतल्या खोलीत, फळीच्या वर, छातीच्या उंचीवर तपकिरी रेघ होती. चारही भिंतींवर. अगदी आडवी.

"ही कधीची?"

"रंग दिला की थोडे दिवस गप्प बसते, मग येते पुन्हा. ओल असेल."

ओल अशी फूटपट्टी लावून येत नाही. ओळंब्यानं बोट फिरवलं. बारीक गाळ बोटाला लागला, आणि तो थंड होता.

त्यानं अक्काच्या हातात नळीचं टोक दिलं, कसं धरायचं ते दाखवलं आणि रस्त्यावरच्या खुणेपाशी गेला. हातातल्या टोकात पाणी खुणेशी येऊन स्थिरावलं.

"थांबलं का?" त्यानं ओरडून विचारलं.

"थांबलं रे. उगाच हलवू नकोस."

टोक रस्त्यातल्या एका पोराच्या हाती देऊन तो आत आला. अक्काच्या टोकात पाणी त्या रेघेशी उभं होतं; बाहेरच्यापेक्षा पुरुषभर वर.

"बुडबुडा असेल," तो म्हणाला. नळीत हवा अडकली की पाणी खोटं बोलतं, हे शिकाऊ गवंड्यालाही ठाऊक असतं. त्यानं नळी टिचक्या मारत शेवटपर्यंत तपासली. बुडबुडा नव्हता. पुन्हा धरली. पुन्हा तेच.

अक्का टोक धरून भिंतीला टेकली होती. "तुझ्या पूररेषेच्या आत माझं घर आलं, तर मला उठवतील ना?"

"उठवतील."

"मग मी जाऊ कुठं?"

'माझ्याकडं ये' एवढं म्हणायला काय लागतं? ओळंब्याच्या डोळ्यांपुढं त्याच्या दोन खोल्या आल्या. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. तिला बसवायचं कुठं, इथपासून त्याचा विचार सुरू झाला आणि तिथंच संपला.

"तुझ्या घराला रेषा लागत नाही," तो म्हणाला.

तिनं नळीचं टोक त्याच्या हातात दिलं. मग म्हणाली, "बरं. चहा घे."

या धंद्यात एक रीत आहे. सगळे ठिपके ओळीत बसले आणि एकच लांब पडला, तर तो मोजणीची चूक म्हणून वगळतात. ओळंब्यानं वगळला. भिंतीची उंची ठरली, पंपघराची ठरली. साहेबांनी पाठ थोपटली. नळी अक्काकडंच विसरली होती. ती आणायच्या निमित्तानं जाऊ, असं तो मनाशी म्हणत राहिला.

शेजारणीचा फोन आला तेव्हा कडक ऊन होतं. नदी इतकी आटली होती, की पोरं पात्रात चेंडू खेळत होती.

अक्का आतल्या खोलीत पलंगावर निपचित होती, गेलेली. केस कोरडे, अंथरूण कोरडं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "पोहायला जायच्या का या?"

"नाही. का?"

"फुप्फुसांत पाणी आहे. छाती दाबली की तोंडातून येतंय." त्यांनी पुन्हा हात पुसले. "गढूळ."

माणसं कुजबुजत अंगणात उभी राहिली. ओळंबा आत गेला. फळीवर काडेपेटी होती. त्यानं काडी ओढली. पहिल्याच फटक्यात पेटली; तीही कोरडीच. मग ती फळीच्या वर धरली.

भिंतीवर रेघ नव्हती. रंग आज दिल्यासारखा स्वच्छ होता.

कोपऱ्यात नळी गुंडाळून ठेवलेली होती. पाणी अजून आत होतं, एक थेंब सांडलेला नव्हता. तो ती घेऊन घरी आला.

त्याचं घर टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर. पूर मोजणारा माणूस दुसरीकडं कुठं राहणार? सकाळी चप्पल शोधायला तो वाकला, तेव्हा त्याला दिसली. भिंतीवर, गुडघ्याशी. तपकिरी, आडवी.

 मग हातांना ज्याची सवय, ते त्यांनी केलं. नळीचं एक टोक आतल्या खोलीत भिंतीशी ठेवून, दुसरं घेऊन तो बाहेरच्या खोलीत आला आणि रेघेशी धरून उभा राहिला. ते टोक धरायला आत कोणी नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

"थांबलं का?" तो म्हणाला.

"थांबलं रे," आतून आवाज आला. "उगाच हलवू नकोस."

तो हलला नाही. हात भरून आले, उन्हं उतरली, तरी हलला नाही.

शेवटी आत गेला. कोणी नव्हतं. नळीचं टोक भिंतीशी उभं होतं, कोणीतरी अलगद धरल्यासारखं.

साहेब म्हणतात, ओळंबा हल्ली सुधारलाय. वेळेत घरी जातो. चहाचं दोन कपांचं भांडं घेतलं त्यानं. घर बदल, त्या खोलीत ओल आहे, असं मोजणीदारानं सुचवलं, तर म्हणाला, "ओल नाही. सोबत आहे."

रोज संध्याकाळी रेघ असेल तिथं तो नळी धरतो. रोज विचारतो. उत्तर रोज येतं.

परवा तो लाकूडसामानाच्या दुकानात गेला आणि त्यानं एक खुर्ची घेतली, पहिलीसारखीच.

"पाहुणे येणार वाटतं?" दुकानदारानं विचारलं.

"बसायला नकोय," ओळंबा म्हणाला. "चढायला हवी. आता जमिनीवरून हात पुरत नाही."