दोन रेघांनंतरची जागा

कुमुदिनी रेगेंचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांच्यावरचा बाईंचा संशय अजून ठणठणीत होता.

त्या काळी प्रत्येकाच्या कानामागे तांदळाएवढी स्मृतिपेटी असे. आठवणी तीत साल आणि गावाप्रमाणे आपोआप लागत. माणूस गेला की त्याची पेटी जोडीदाराच्या घरच्या यंत्राला जोडून मिळे. काळ्या पडद्यावर ‘आण’ असा हुकूम टंकायचा, पुढे आठवणीचा पत्ता, की आठवण डोळ्यांपुढे हजर.

यजमान एकदा प्रशिक्षणाला म्हणून पन्हाळ्याला गेले होते. बाईंनी ती आठवण आणली, तर विश्रामगृहाच्या खोलीत यजमान आणि त्यांच्याजवळ शरयू, बाईंची सख्खी धाकटी बहीण! झालं. शरयूला घराचं दार बंद झालं.

पण हल्ली दर वेळी आठवण बदलून येई. आधी दोघं नुसती बोलत होती. मग शरयू हसू लागली, मग तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. पेटीत शरयूच ढवळाढवळ करते, असं बाईंनी ठरवून टाकलं. ती स्वतःचीच बदनामी कशाला करील, एवढा विचार करायला संशयाला फुरसत कुठली! शेवटी त्यांनी पेट्यांच्या जाणकार डॉ. नसरीन तांबोळींना घरी बोलावलं.

“काकू, यात काका दिसतात?”

“दिसतात की! समोर पलंगावर बसलेत.”

“आठवण त्यांची, मग तेच त्यात बाहेरून कसे दिसतील? पत्ता कसा टाकता, दाखवा बरं.”

बाईंनी टंकून दाखवला.

“दोन तिरक्या रेघा, मग पेटीवाल्याचं नाव, मग तिसरी रेघ. तुम्ही नाव टाकलंच नाहीत.”

“अगं बाई, यांचं नाव कसं घेऊ? उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. मी कुणाची बायको, ते यंत्राला कळत नाही होय?”

“नाव रिकामं ठेवलं की यंत्र समजतं, इथलीच पेटी हवी. म्हणजे हुकूम देणाऱ्याची. तुमची.”

“मी तर पन्हाळा बघितलासुद्धा नाही!”

“मनात रंगवलात ना? पाहिलेलं आणि कल्पिलेलं यांतला फरक पेटीला कळत नाही. आणि आणलेली आठवण दर वेळी नवी भर घेऊन परत तिथंच साठते.”

डॉक्टरांनी रेघांमध्ये ‘दामोदर’ टंकलं. रटाळ प्रशिक्षण, ओले मोजे, आणि एकट्याने जेवताना काढलेली बायकोच्या हातच्या आमटीची आठवण. बाकी काही नाही. बाईंना रडू कोसळलं. त्यांनी तशाच रडत स्पीकरवर शरयूला फोन लावला.

“शरे, माझं चुकलं गं. तसं काही झालंच नव्हतं.”

पलीकडे शरयूला हुंदका आला. “ताई, कशाला पांघरूण घालतेस? तू तोंडावर दार लावलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच. शेवटी माझ्याच पेटीत शोधलं. सगळं आहे तिथं.”

डॉक्टरांनी फोन घेतला, पेटीचा सगळा घोळ तिला समजावून सांगितला.

“तुम्ही म्हणता ते पटतं, डॉक्टर,” ती म्हणाली. “पण मला आठवतंय ना!”

रेगेबाईंनी डोळे पुसले. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग फोनकडे. आणि त्यांच्या मनात शंकेची पाल पुन्हा चुकचुकली.