गोठ्यातली तुळई

धनू घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, खारी माती पसरत होती आणि खाली गल्लीत एक परका तरुण मान वर करून टक लावून बघत होता... असा, की तिच्या हातातलं घमेलंच निसटायला आलं. तिनं घाईघाईनं पदर सावरला.

"काय देखी ऱ्हायनात?"

"तुळई," तो गडबडला. "म्हणजे — तुमच्या त्या उघड्या गोठ्यात वर बांधून ठेवलीय ती. सागाची आहे ना?"

धनूला राग आला. तुळई बघतो म्हणे! आपण उगीच पदर सावरला, याचा राग त्याहून जास्त.

हा गिरधर, बांधकामं घेणाऱ्या मजूर सोसायटीचा नवा ओव्हरसियर. जवळच्या प्रकाशा गावचा, म्हणजे आपल्यातलाच, अहिराणी मुलखातला. पण बोलणं अगदी कचेरीतलं. सारंगखेड्यात गावाच्या मालकीचे दुकानांचे गाळे उठत होते. पत्र्याखाली वैशाखात माणूस भाजून निघतो, तेव्हा छप्पर मातीच्या धाब्याचंच हवं, असं गावानं ठरवलं. दगड तापीकाठचा, आणि लाकूड ज्याच्या घरी जास्तीचं असेल त्यानं द्यायचं. ते पारखत गिरधर दारोदार फिरत होता.

बाकीच्यांच्या दारी एकदाच, धनूच्या दारी पुन्हा पुन्हा! आला की गोठ्यात बसून वर बघत राहायचा.

"इतलं काय देखतस लाकूडमा?" पाणी देताना धनू विचारायची.

"भार पेलेल का, बघतो."

"आनि नही पेलनार तं?"

"तर... पुन्हा यावं लागेल."

आणि असा काही हसायचा, की धनूची रात्रीची झोप जायची. याला लाकूड आवडलंय की मी? विचारावं तर हसं, न विचारावं तर घुसमट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

त्यात शहाद्याचं स्थळ आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दुसऱ्याच दिवशी बघायला येणार होतं. आबा, म्हणजे तिचे वडील भिला पाटील, होकार द्यायच्याच बेतात होते. आई शांतीबाईनं एकदा विचारलं, "तुन्हा मनमा काय शे, बेटा?" धनू घागर उचलून पाण्याला गेली. समोरच्याच्या मनाचा पत्ता नसताना आपलं कसं सांगायचं? आणि गाळे झाले की गिरधरची बदली धडगावला, घाटरस्त्याच्या कामावर.

आखाजीच्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर बांगड्या भरायला बाजारात गेली आणि गाळ्यांसमोर थबकलीच. सगळ्या तुळया बसलेल्या. वर मातीसुद्धा पडलेली! छप्पर पुरं झालं होतं, आणि आज सकाळी तर हा माणूस तुळई मोजायला घरी आला होता.

गिरधर ओट्यावर उभा होता. ती तडक त्याच्यापुढे गेली.

"छप्पर तं व्हयी गयं. मंग आज मन्हा घर कशाले उनात?"

"ती... तुळई..."

"कोठे लावशात ती? जागाच नही!"

त्याचा चेहरा लालेलाल झाला. मग त्याची कचेरीतली मराठी कुठल्या कुठे पळाली.

"तुले देखाले येत व्हतू."

धनूला इतका आनंद झाला, की बांगड्या भरायच्याच ती विसरली. मग भीती वाटली.

"माले सांगीसन काय उपयोग? सकाय शहादाना पाव्हना येतीन. आबाले सांगा!"

संध्याकाळी भिला पाटील खाटेवर टेकले होते. "या साहेब. तुळई लई जावाले उनात का?"

"नही, आबा," गिरधर घाम पुसत म्हणाला. "धनूले मांगाले उनू."

दाराआड धनू कान देऊन उभी होती. भिला पाटील खाटेवर उठून बसले.

"इतला दिन म्हशीसमा बठीसन वर देखत व्हतात... मी समजनू, तुम्हले गोठाच पसंत शे!"

आत शांतीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण भिला पाटील हसले नाहीत. शहाद्याला शेत होतं, विहीर होती. धडगावला नुसते डोंगर. तरी निर्णय पोरीवरच सोपवून त्यांनी आतल्या बाजूला हाक मारली.

"धनू! धडगावना डोंगरमा जाशी का?"

एरवी एकाला चार ऐकवणारी धनू उंबऱ्यात आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

"जासू," ती म्हणाली, आणि आबांच्या खाटेपाशी बसून रडायलाच लागली.